सागराचा मोजणीदार : कॅप्टन जेम्स कुक

८ जून २००४ रोजी भारतातील अनेक शहरांत गच्च्यांवर आणि शाळांच्या मैदानांवर लोक सौरचष्मे घेऊन जमले होते. सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकत चालला होता. तो ठिपका म्हणजे शुक्र. ६ जून २०१२ रोजी तोच योग पुन्हा आला आणि आता २११७ सालापर्यंत शुक्राचे अधिक्रमण होणार नाही. आज केवळ कुतूहलाने पाहिल्या जाणाऱ्या या ठिपक्याला अठराव्या शतकात फार मोठे मोल होते. पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांतून अधिक्रमणाच्या अचूक वेळा नोंदवता आल्या, तर पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतर गणिताने काढता येणार होते. त्यासाठी १७६८ साली रॉयल सोसायटी आणि ब्रिटिश नौदल यांनी पॅसिफिक महासागरातील ताहिती बेटाकडे एक जहाज धाडले. जहाज मूळचे कोळसा वाहून नेणारे होते आणि त्याचा प्रमुख एका शेतमजुराचा मुलगा होता. जेम्स कुक हे त्याचे नाव तोवर नौदलाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

कुकचा जन्म २७ ऑक्टोबर १७२८ रोजी यॉर्कशायरमधील मार्टन या खेड्यात झाला. वडील ज्या जमीनदाराच्या शेतावर राबत होते, त्यानेच या चुणचुणीत पोराच्या शाळेचा खर्च उचलला. सतराव्या वर्षी कुक स्टेथ्स नावाच्या मच्छीमार गावात एका दुकानात उमेदवारीला लागला. दुकानाच्या दारापासून समुद्र हाकेच्या अंतरावर होता. दीड वर्षातच त्याचे मन गल्ल्यावरून उडाले. दुकानदार समजूतदार असावा. त्याने मुलाला व्हिटबी बंदरातील जॉन वॉकर या क्वेकर पंथीय जहाजमालकाकडे नेऊन सोडले.

वॉकरची जहाजे टाइन नदीकाठचा कोळसा लंडनला पोहोचवीत. हा धंदा दिसायला रूक्ष, पण नाविकाला घडवणारा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर वाळूचे दांडे सतत जागा बदलतात, धुके अचानक उतरते, भरती-ओहोटीचे प्रवाह जहाजाला भलतीकडे ओढून नेतात. अशा पाण्यात ओळंब्याने खोली मोजत, अंदाज बांधत पुढे सरकावे लागते. कुक हे सारे शिकला आणि जहाज बंदरात असताना रात्री गणिताची पुस्तके घेऊन बसू लागला. १७५५ साली वॉकरने त्याला एका जहाजाचे कप्तानपद देऊ केले. सव्वीस वर्षांच्या तरुणाने ते नाकारले आणि तो ब्रिटिश नौदलात साधा खलाशी म्हणून भरती झाला. वशिला आणि घराणे यांच्या जोरावर जिथे अधिकारपदे मिळत, तिथे सर्वांत खालच्या पायरीवरून आरंभ करण्याचा हा निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने वेडेपणाचाच होता. मात्र दोनच वर्षांत तो जहाजाचा मार्ग आखणारा अधिकारी, म्हणजे मास्टर, झाला.

त्याच्या आयुष्याला खरे वळण कॅनडात मिळाले. १७५८ साली लुईबर्गच्या किल्ल्याचा पाडाव झाल्यावर किनाऱ्यावर सॅम्युएल हॉलंड नावाचा लष्करी अभियंता तिवईवर फळा मांडून मोजणी करीत असलेला कुकने पाहिला. ही विद्या त्याने हॉलंडकडून शिकून घेतली आणि तिची सागरी मोजणीशी सांगड घातली. पुढल्या वर्षी फ्रेंचांच्या ताब्यातील क्वेबेकवर चाल करून जाणाऱ्या ब्रिटिश आरमाराला सेंट लॉरेन्स नदीतून वाट दाखवणाऱ्यांत तो होता. १७६३ ते १७६७ या काळात त्याने न्यूफाउंडलंडचा किनारा मोजला. ते नकाशे पुढे कित्येक पिढ्या वापरात राहिले. याच कामात १७६४ साली बंदुकीच्या दारूचे शिंग हातात फुटून त्याच्या उजव्या तळव्यावर कायमचा व्रण राहिला. १७६६ च्या सूर्यग्रहणाची त्याने घेतलेली निरीक्षणे रॉयल सोसायटीपर्यंत पोहोचली आणि शुक्राच्या मोहिमेसाठी प्रमुख शोधण्याची वेळ आली, तेव्हा त्याचे नाव पुढे आले.

एंडेव्हर हे जहाज व्हिटबीतच बांधलेले होते. जेमतेम शंभर फूट लांबीचे, बसक्या बुडाचे आणि संथ. कुकला अशा जहाजांची नस ठाऊक होती. उथळ पाण्यात ते बेधडक नेता येई आणि दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर ओढूनही घेता येई. २६ ऑगस्ट १७६८ रोजी प्लिमथहून निघालेल्या या जहाजावर ९४ माणसे होती. त्यांत श्रीमंत तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स, त्याचा सहकारी डॅनियल सोलँडर, चित्रकार सिडनी पार्किन्सन आणि खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स ग्रीन यांचा समावेश होता.

त्या काळी लांबच्या सफरीत शत्रूच्या तोफांपेक्षा स्कर्व्ही हा रोग अधिक माणसे मारी. हिरड्या सुजत, जुन्या जखमा उघडत आणि धडधाकट माणूस काही आठवड्यांत मरून जाई. १७४० साली निघालेल्या ॲन्सनच्या मोहिमेत हजाराहून अधिक खलाशी रोगराईने दगावले होते. कुकने स्वच्छता, कोरडे कपडे आणि ताजे अन्न यांबाबत अत्यंत कडक शिस्त लावली. मदेरा बेटावर ताजे मांस खायला नकार देणाऱ्या दोघांना त्याने फटके मारले. आंबवलेल्या कोबीला खलाशी नाके मुरडतात, हे लक्षात येताच त्याने वेगळी युक्ती केली. कोबी रोज अधिकाऱ्यांच्या पानात वाढायचा आणि खलाशांवर सक्ती करायची नाही, असे ठरवले. साहेब खातात म्हटल्यावर थोड्याच दिवसांत कोबीचे वाटे मोजून देण्याची पाळी आली. पहिल्या सफरीत स्कर्व्हीने एकही माणूस मेला नाही. नेमका कोणता पदार्थ गुणकारी ठरला, हे मात्र कुकला उमगले नाही. सफरींवरून परतल्यावर त्याने श्रेय मुख्यत्वे मोड आलेल्या सातूच्या काढ्याला दिले आणि त्यामुळे नौदलात लिंबाचा रस नियमाने देण्यास उशीरच झाला.

ताहितीत ३ जून १७६९ रोजी आकाश निरभ्र होते. याच अधिक्रमणासाठी पुदुच्चेरीत तळ ठोकून बसलेल्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल जाँतीची मात्र ऐन वेळी ढगांनी निराशा केली. कुक, ग्रीन आणि सोलँडर यांनी तीन दुर्बिणींतून वेळा टिपल्या. पण त्या एकमेकींशी जुळेनात. शुक्राची कड सूर्याच्या कडेपासून सुटताना काळ्या थेंबासारखी लांबते आणि नेमका क्षण हुकतो. कुकने हा फरक जसाच्या तसा नोंदवला. ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र केल्यावर पुढे जे अंतर निघाले, ते आजच्या सुमारे १५ कोटी किलोमीटरच्या आकड्याच्या अगदी जवळ होते.

ताहितीचे काम संपल्यावर कुकने नौदलाच्या गुप्त आज्ञेप्रमाणे दक्षिणेची वाट धरली. उत्तर गोलार्धातील जमिनीला तोलण्यासाठी दक्षिणेत एक अवाढव्य खंड असलाच पाहिजे, अशी युरोपातील पंडितांची समजूत होती. त्या खंडाचा शोध घ्यायचा होता. या प्रवासात तुपाइया हा रायातेया बेटावरील पुरोहित आणि नाविक जहाजावर आला. होकायंत्र नाही, कागद नाही. तारे, लाटा आणि वारा यांवरून हा माणूस दिशा सांगे आणि शेकडो कोस पसरलेल्या बेटांची नावे त्याला मुखोद्गत होती. त्याच्या सांगण्यावरून तयार झालेल्या नकाशात ७० हून अधिक बेटे आहेत. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर माओरी लोकांना त्याची भाषा समजली, तेव्हा एवढ्या अफाट सागरावर एकाच वंशाची माणसे पसरली असल्याचे गोऱ्यांच्या ध्यानात आले. युरोपीय नकाशात कोऱ्या असलेल्या या पाण्यात आधीच वाटा होत्या. त्या कागदावर नव्हत्या, एवढेच. तुपाइयाचे नाव मात्र दोन शतके तळटीपांतच राहिले.

न्यूझीलंडच्या भूमीवरील पहिलीच भेट रक्ताने माखली. ९ ऑक्टोबर १७६९ रोजी आजच्या गिझबर्नजवळ ते मारो हा माओरी पुरुष गोळीने मारला गेला आणि पुढच्या दोन दिवसांत आणखी काही जण ठार झाले. कुकला याची बोच लागली होती, असे त्याच्या नोंदींवरून दिसते. परंतु माणसे पळवून जहाजावर आणायची, त्यांना भेटी द्यायच्या आणि मैत्री जुळवायची, ही त्याचीच योजना होती आणि तिच्यातूनच हे बळी गेले होते. त्यानंतर सहा महिन्यांत दोन्ही बेटांना वळसा घालून त्याने सुमारे २४०० मैल किनाऱ्याचा नकाशा काढला. त्यातील ठळक चुका दोनच. एका द्वीपकल्पाला तो बेट समजला आणि एका बेटाला द्वीपकल्प.

२९ एप्रिल १७७० रोजी एंडेव्हर ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील एका उपसागरात शिरले. वनस्पतींच्या विपुलतेमुळे पुढे त्याचे नाव बॉटनी बे पडले. तिथे ग्वेगल जमातीच्या दोन पुरुषांनी भाले उगारून या पाहुण्यांना किनाऱ्यावर उतरू न देण्याचा प्रयत्न केला. कुकने बंदुका चालवल्या. ते दोघे मागे हटल्यावर झोपड्यांतून सुमारे ४० भाले उचलून जहाजावर नेण्यात आले.

उत्तरेकडे जाताना ११ जूनच्या रात्री जहाज प्रवाळाच्या खडकावर आदळले. समुद्र शांत, चांदणे पडलेले आणि बुडाला भगदाड. सहा तोफांसह सुमारे ५० टन सामान समुद्रात फेकण्यात आले, सारे जण आळीपाळीने पंप ओढू लागले. जवळपास एक दिवस अडकून पडल्यावर जहाज सुटले. मग लोकर आणि दोरखंडाचा भुगा यांचे थर लावलेले शीड बुडाखालून ओढून भोक बुजवण्यात आले. किनाऱ्याला लावल्यावर दिसले, की तुटलेल्या प्रवाळाचा एक मोठा तुकडा त्या भगदाडातच अडकून बसला होता. तो निसटला असता तर कुकच्या कहाणीचा शेवट तिथेच झाला असता.

दुरुस्तीला जवळजवळ सात आठवडे लागले. तिथल्या गुगू यिमिदिर लोकांकडूनच कांगारू हा शब्द जगाला मिळाला. याच मुक्कामात घडलेला एक प्रसंग वीरगाथांत सहसा सापडत नाही. खलाशांनी डझनभर कासवे पकडून डेकवर ठेवली होती. आपल्या पाण्यातली कासवे न विचारता पकडली, निदान एक तरी द्या, अशी स्थानिकांची मागणी होती. ती धुडकावल्यावर त्यांनी गवत पेटवून दिले, कुकने गोळी झाडली, एक जण जखमी झाला. मग एक वृद्ध माणूस टोक मोडलेला भाला घेऊन पुढे आला आणि तंटा मिटला. ज्यांना कायदाच नाही असे मानले गेले, त्यांचा कायदा कुकच्या डोळ्यांसमोर उलगडला होता. तरीही २२ ऑगस्ट १७७० रोजी त्याने एका छोट्या बेटावर निशाण उभारून सारा पूर्व किनारा ब्रिटिश राजाच्या नावे घोषित केला. मुलखाचा ताबा रहिवाशांच्या संमतीने घ्यावा, असे त्याच्या आज्ञापत्रात स्पष्ट लिहिलेले असताना!

परतीच्या वाटेवर बटाव्हिया, म्हणजे आजचे जाकार्ता, येथे हिवताप आणि हगवण यांनी जहाजाला गाठले. स्कर्व्हीपासून वाचलेली तीसहून अधिक माणसे बटाव्हियात आणि तिथून पुढच्या वाटेवर गेली. तुपाइया, ग्रीन आणि पार्किन्सन हे तिघेही त्यांत होते.

दुसरी सफर १७७२ ते १७७५ या काळातली. नाविक म्हणून कुकची थोरवी इथे सर्वाधिक दिसते. जॉन हॅरिसनच्या घड्याळाबरहुकूम लार्कम केंडलने घडवलेले घड्याळ या वेळी त्याच्याजवळ होते आणि त्यामुळे समुद्रात रेखांश काढण्याचे जुने दुखणे संपले. १७ जानेवारी १७७३ रोजी त्याच्या जहाजांनी अंटार्क्टिक वृत्त ओलांडले; ज्ञात इतिहासात ते प्रथमच घडत होते. पुढल्या वर्षी तो ७१ अंश १० कला दक्षिण अक्षांशापर्यंत पोहोचला. पुढे बर्फाची भिंत होती. दक्षिणेतील सुपीक, समृद्ध खंड अस्तित्वात नाही, असा निर्वाळा त्याने दिला. भूमी असलीच तर ती ध्रुवाजवळ, बर्फाखाली असणार, हा त्याचा तर्कही खरा ठरला. काही नवे शोधल्याबद्दल कीर्ती मिळवणारे पुष्कळ असतात. अस्तित्वात नसलेला एक खंड नकाशातून पुसण्यासाठी तीन वर्षे हिमनगांतून जहाज हाकणारा विरळाच. या सफरीत त्याच्या जहाजावर रोगाने केवळ एक जण मेला. परतल्यावर कप्तानपद, रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, कॉप्ली पदक आणि ग्रिनिच येथील रुग्णालयात आरामाची नेमणूक असे सारे त्याच्या पदरात पडले.

तो तिथेच थांबता तर! वर्षभरातच, जुलै १७७६ मध्ये, उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून अटलांटिकला जोडणारा जलमार्ग शोधण्यासाठी तो पुन्हा निघाला. या सफरीतील कुक निराळाच भासतो. खलाशांना फटक्यांची शिक्षा वारंवार होऊ लागली. टोंगात चोरीबद्दल बेटवासीयांना अमानुष शिक्षा झाल्या. ऑक्टोबर १७७७ मध्ये मोरेआ बेटावर एक बकरी चोरीला गेली, म्हणून त्याने घरे आणि होड्या जाळल्या. त्याचे अधिकारीही चपापले. थकवा, आतड्याचा विकार, की अधिकाराची चढलेली धुंदी, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मात्र चोरी झाली की टोळीप्रमुखाला जहाजावर ओलीस ठेवायचे आणि माल परत मिळाला की सोडायचे, ही त्याची रीत जुनीच होती. ती पुनःपुन्हा यशस्वी ठरली होती आणि त्यातच धोका होता.

जानेवारी १७७८ मध्ये त्याला हवाई बेटे लागली. तिथून तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने बेरिंगच्या सामुद्रधुनीपलीकडे गेला, बर्फाने अडवल्यावर हवाईकडे परतला आणि १७ जानेवारी १७७९ रोजी केआलाकेकुआ उपसागरात नांगर टाकला. तेव्हा मकाहिकी या सुगीच्या उत्सवाचा काळ होता आणि हजारो लोक स्वागताला लोटले. हवाईयनांनी त्याला लोनो देव मानले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. श्रीलंकेचे मानववंशशास्त्रज्ञ गणनाथ ओबेयेसेकेरे यांनी १९९२ साली तिला आव्हान दिले. गोऱ्या माणसाला देव मानणारे भाबडे आदिवासी ही युरोपनेच रचलेली दंतकथा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. मार्शल साह्लिन्स या अमेरिकी अभ्यासकाने १९९५ साली त्यास तितक्याच जोरकसपणे उत्तर दिले. हा वाद मिटलेला नाही.

४ फेब्रुवारीला जहाजे निघाली, पण वादळात पुढची डोलकाठी मोडकळीस आली आणि आठवड्याभरात ती परतली. उत्सव संपला होता. शिधा आटला होता. १४ तारखेच्या पहाटे एक मोठी होडी चोरीला गेल्याचे आढळताच कुक शिपायांसह किनाऱ्यावर उतरला, वृद्ध राजा कलानिओपूऊ याला ओलीस आणण्यासाठी. राजा सोबत निघालाही. पण वाटेत त्याच्या माणसांनी त्याला रोखले. इतक्यात उपसागराच्या दुसऱ्या बाजूला एक सरदार गोळीने मारला गेल्याची वार्ता आली आणि जमाव खवळला. गोळ्या सुटल्या, दगड आले आणि कुक पाण्याच्या काठाशी कोसळला. त्याच्यासह चार शिपाई आणि अनेक हवाईयन मारले गेले. नंतरच्या दिवसांत इंग्रजांनी सूडापोटी गाव जाळले. हवाईयनांनी मोठ्या सरदाराच्या देहावर करतात तसे संस्कार त्याच्या देहावर केले आणि काही अवशेष जहाजावर पाठवले. त्यांतला एक हात तळव्यावरील जुन्या व्रणामुळे ओळखता आला. ते अवशेष समुद्राच्या स्वाधीन करण्यात आले.

ही वार्ता सायबेरियामार्गे लंडनला पोहोचायला जानेवारी १७८० उजाडला. मधल्या काळात, मार्च १७७९ मध्ये, बेंजामिन फ्रँकलिन यांनी ब्रिटनशी युद्ध चालू असतानाही कुकच्या जहाजांना इजा करू नये, अशी सूचना अमेरिकी जहाजांना दिली होती. तेव्हा कुकला जाऊन महिना होत आला होता.

त्याची पत्नी एलिझाबेथ हिच्या वाट्याला सोळा वर्षांच्या संसारात नवऱ्याचा सहवास जेमतेम चार वर्षांचा आला. सहा मुलांपैकी तीन लहानपणीच गेली. उरलेल्या तिघांपैकी एक १७८० च्या चक्रीवादळात जहाजासह बुडाला, एक केंब्रिजमध्ये शिकत असताना तापाने गेला आणि थोरला त्यानंतर काही आठवड्यांतच समुद्रात मरण पावला. ती स्वतः ९३ वर्षे जगली आणि १८३५ साली वारली. कुकची पत्रे तिने जाळून टाकली. ताहितीच्या सालींच्या कापडावर नवऱ्यासाठी ती एक दरबारी जाकीट भरत होती. भरतकाम अर्धवट राहिलेले ते जाकीट सिडनीच्या ग्रंथालयात जपलेले आहे.

कुकने मोजलेल्या किनाऱ्यांवर इतर लोक लवकरच पोहोचले. बँक्सच्या शिफारशीवरून १७८८ साली ब्रिटिश कैद्यांचा पहिला ताफा बॉटनी बेला आला. हवाईत खलाशांबरोबर गुप्तरोग आले. ते रोखण्याचे कुकचे हुकूम निष्फळ ठरले. त्यामागोमाग इतर साथी आल्या आणि १८७८ च्या जनगणनेत हवाईयनांची संख्या पन्नास हजारांहूनही कमी भरली. ऑस्ट्रेलिया ही कोणाच्याच मालकीची भूमी नव्हती, हे गृहीतक तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली माबो खटल्यात मोडीत काढले. त्याच वर्षी एंडेव्हर हे नाव धारण करणारे अमेरिकी अंतराळयान प्रथम अवकाशात झेपावले. मूळ एंडेव्हर १७७८ साली अमेरिकेत न्यूपोर्ट बंदराच्या तोंडाशी अडथळा म्हणून बुडवण्यात आले होते. त्याचे अवशेष ओळखल्याची घोषणा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने २०२२ मध्ये केली.

ते मारोच्या मृत्यूला अडीचशे वर्षे झाली तेव्हा, ऑक्टोबर २०१९ मध्ये, ब्रिटनच्या उच्चायुक्तांनी गिझबर्न येथे त्या हत्यांबद्दल खेद व्यक्त केला. जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलिया दिनाच्या आदल्या दिवशी मेलबर्नमधील कुकचा पुतळा घोट्यापासून कापून पाडण्यात आला. बॉटनी बेच्या झोपड्यांतून उचललेल्या भाल्यांपैकी चार केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजकडे १७७१ पासून होते. एप्रिल २०२४ मध्ये ते ग्वेगल वंशजांच्या हाती परत देण्यात आले.